एकच कंपनी, दोन नफे: देशोदेशीच्या कंपन्यांचा नफा शेजारी ठेवायचा तर काय काय तपासायचं

1993 साली डायमलर-बेंझ न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर लिस्ट झाली, त्याआधी कुठलीच जर्मन कंपनी तिथे गेली नव्हती, आणि तिथे जायचं तर हिशेब अमेरिकन नियमांनी परत मांडून दाखवायला लागायचे. त्या वर्षी जर्मन नियमांनी कंपनीचा नफा होता 61 कोटी 50 लाख मार्क. अमेरिकन नियमांनी तेच वर्ष मांडलं तर 183 कोटी 90 लाख मार्क तोटा. वर्ष तेच, गाड्या विकल्या त्याच, पगार दिले तेच, बँकेतला पैसाही तोच.

यात कुणी लबाडी केली नव्हती. जर्मन कायदा म्हणायचा सावध राहा, चांगल्या वर्षात भरपूर प्रोव्हिजन (पुढच्या संभाव्य खर्चासाठी नफ्यातून आधीच बाजूला काढलेली रक्कम) करून ठेवा, आणि मग वाईट वर्षात त्याच प्रोव्हिजन सोडवून नफा वर आणता यायचा. अमेरिकन नियमांना हे असलं बाजूला ठेवणं मान्य नव्हतं, त्यामुळे ते काढून टाकल्यावर खालचा खड्डा दिसला. गंमत म्हणजे त्याच कंपनीची नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) मात्र अमेरिकन नियमांनी जास्त भरली, कारण दडवून ठेवलेलं रिझर्व्ह तिथे उघड्यावर आलं.

आता हे 30 वर्षांपूर्वीचं जर्मनीचं प्रकरण आपल्याला कशाला, तर हल्ली बरेच जण मोबाईलवरून अमेरिकन शेअर घेतात, फोर्डचा पीई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर नफा) आणि टाटाचा पीई शेजारी ठेवतात, एचडीएफसी बँकेची तुलना जेपी मॉर्गनशी करतात, आणि ॲप दोन्हीकडे 'नेट प्रॉफिट' एवढंच लिहितं. कुठल्या नियमांनी काढलेला नफा ते लिहीत नाही. म्हणून मी स्वतः काय बघतो आणि कुठल्या क्रमाने बघतो ते सांगतो. सीए मंडळींना यातलं बरंचसं माहीत असणार, त्यांनी अर्धं वगळलं तरी चालेल.

पहिलं काम: नियमावली कुठली ते शोधा

ॲन्युअल रिपोर्टमध्ये नोट नंबर 1 किंवा 2 असते, 'बेसिस ऑफ प्रिपरेशन' नावाची. कंटाळवाणी आहे, पण पहिल्या दोन ओळी वाचायच्याच. तिथे चारपैकी काहीतरी एक सापडतं.

इंड एएस (इंडियन अकाउंटिंग स्टँडर्ड्स, आपली नवी नियमावली), म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या आणि लिस्टेड कंपन्या. 500 कोटी आणि वर नेटवर्थ असलेल्यांना 1 एप्रिल 2016 पासून सक्तीचं झालं, बाकीच्या लिस्टेड कंपन्या आणि 250 कोटींच्या वरच्या अनलिस्टेड कंपन्या 1 एप्रिल 2017 पासून. एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या, त्यानंतर, 2018 आणि 2019 मध्ये.

जुना इंडियन गॅप (गॅप म्हणजे त्या देशात मान्य असलेले हिशेबाचे नियम), म्हणजे लहान प्रायव्हेट लिमिटेड, आणि बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही पण आपल्या बँकासुद्धा. रिझर्व्ह बँकेनं मार्च 2019 मध्ये बँकांसाठी इंड एएस पुढे ढकललं, पुढची सूचना येईपर्यंत.

आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय नियमावली), म्हणजे युरोप, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि इतर पुष्कळ देश. इंड एएस यावरूनच बेतलेलं आहे, पण मधे मधे आपण कात्री लावलीय, त्यावर खाली येतोच.

यूएस गॅप, म्हणजे अमेरिकन कंपन्या. जपान आणि चीनचे स्वतःचे वेगळे. जपानमध्ये तर कंपनी जपानी गॅप, आयएफआरएस किंवा यूएस गॅप यातलं निवडू शकते, त्यामुळे एकाच इंडस्ट्रीतल्या दोन जपानी कंपन्यासुद्धा वेगवेगळ्या पट्टीनं मोजलेल्या असू शकतात.

आपल्या कंपन्यांचा 10 वर्षांहून जुना तक्ता बघत असाल तर अजून एक गोष्ट. 2015-16 च्या आसपास त्या तक्त्यात एक सांधा आहे, त्याच्या अलीकडे इंड एएस आणि पलीकडे जुना गॅप, आणि ग्रोथ रेट काढताना लोक बिनधास्त तो सांधा ओलांडतात. पहिल्या लॉटमधल्या कंपन्यांचा 2015-16 चा नफा दोनदा छापलेला आहे, एकदा त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये जुन्या नियमांनी आणि परत 2016-17 च्या रिपोर्टमध्ये मागच्या वर्षाच्या कॉलममध्ये इंड एएसनी. त्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये 'फर्स्ट टाइम ॲडॉप्शन' नावाची नोट असते आणि तिच्यात जुन्या नफ्यापासून नव्या नफ्यापर्यंत एकेक ओळ उतरत आलेली असते. अकाउंटिंगचे फरक शिकायचे असतील तर याहून चांगलं आणि फुकटचं मटेरियल मला तरी माहीत नाही. तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत तिचाच तो रिपोर्ट काढा.

दुसरं काम: फरक वेळेचा आहे की वाटेचा

ही गोष्ट समजली की बाकीचं सोपं जातं. नियमांमुळे पडणारे फरक दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे खर्च आज दाखवायचा की पाच वर्षांत वाटून, उत्पन्न आज धरायचं की काम पूर्ण झाल्यावर. हा वेळेचा फरक. दहा वर्षांची बेरीज केलीत तर दोन्ही पद्धतींचा आकडा जवळजवळ सारखा येतो, वाद फक्त कुठल्या वर्षात किती एवढाच.

दुसरा प्रकार म्हणजे वाटेचा. एका नियमावलीत तो खर्च किंवा फायदा पी अँड एलमधून (नफा-तोटा पत्रकातून) जातो आणि दुसरीत पी अँड एलला न शिवता थेट रिझर्व्हला जातो. हा फरक कधीच भरून निघत नाही. वीस वर्षांची बेरीज केलीत तरी एका ठिकाणी तो खर्च नफ्यातून वजा झालेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी झालेलाच नसतो. लोक डेप्रिसिएशनवर वाद घालत बसतात आणि हा दुसरा प्रकार बघतच नाहीत, माझ्या मते खरं लक्ष इथेच द्यायला हवं.

पुढची प्रत्येक आयटम बघताना हा एकच प्रश्न विचारायचा, वेळ की वाट.

संशोधनाचा खर्च, आणि जेएलआर (टाटा मोटर्सची जॅग्वार लँड रोव्हर) विरुद्ध फोर्ड

वाहन कंपन्यांमध्ये सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. यूएस गॅप म्हणतं रिसर्च आणि डेव्हलपमेंट दोन्ही ज्या वर्षी केलं त्याच वर्षी खर्चात टाका, सॉफ्टवेअरसारखे अपवाद सोडले तर. फोर्ड, जीएम, टेस्ला तसंच करतात. आयएफआरएस आणि इंड एएस म्हणतं रिसर्च खर्चात टाका, पण डेव्हलपमेंट एकदा ठरावीक अटींत बसलं, म्हणजे गाडी बनवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, कंपनीकडे पैसा आहे, विकून फायदा होईल वगैरे, की तो खर्च बॅलन्सशीटवर ॲसेट म्हणून चढवा, चढवलाच पाहिजे, ऐच्छिक नाही. मग गाडी बाजारात आली की वर्षावर्षाला थोडा थोडा उतरवा. जेएलआर, फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू सगळे असे.

आकड्यांत बघू. समजा कंपनी दरवर्षी 1,000 कोटी खर्च करते, त्यातले 600 कोटी ॲसेट म्हणून चढवते आणि पुढच्या वर्षापासून 6 वर्षांत उतरवते. अमेरिकन पद्धतीनं दरवर्षी खर्च 1,000. दुसऱ्या पद्धतीनं पहिल्या वर्षी 400, दुसऱ्या वर्षी 500, मग 600, 700, असं करत सातव्या वर्षी 1,000. म्हणजे सातव्या वर्षापासून दोघांचा नफा सारखा, हा वेळेचाच फरक आहे. पण ही झाली खर्च स्थिर असलेली कंपनी. जी कंपनी दरवर्षी डेव्हलपमेंट वाढवत जाते, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या मागे लागलेली प्रत्येक कंपनी सध्या तेच करतेय, तिचा चढवलेला खर्च उतरवलेल्यापेक्षा कायम पुढे राहतो आणि नफा वर्षानुवर्षं फुगलेला दिसतो. आणि मॉडेल चाललं नाही की सगळं एका फटक्यात उतरवायला लागतं.

डिसेंबर 2018 च्या तिमाहीत टाटा मोटर्सनं जवळजवळ 27 हजार कोटींचा तोटा दाखवला तो आठवत असेल, त्यात मुख्य भाग जेएलआरच्या 310 कोटी पौंडांच्या इम्पेअरमेंटचा (मालमत्तेची पुस्तकी किंमत उतरवण्याचा) होता, आणि जी मालमत्ता उतरवली त्यात असा चढवलेला डेव्हलपमेंट खर्चही होता. हेडलाइन्स बघून लोकांना वाटलं त्या तीन महिन्यांत एवढा पैसा गेला, प्रत्यक्षात पैसा आधीच्या वर्षांमध्ये गेलेला होता, नफ्यात त्याची नोंद तेव्हा झाली.

इम्पेअरमेंटचे नियमही वेगळे आहेत बरं का. अमेरिकेत आधी बघतात की पुढे मिळणारी साधी बेरीज, व्याजाचा विचार न करता, बुक व्हॅल्यूपेक्षा कमी आहे का, तेव्हाच उतरवायचा विचार, आणि वापरातल्या मालमत्तेचं एकदा उतरवलेलं परत चढवता येत नाही. आयएफआरएस आणि इंड एएसमध्ये आजच्या किमतीला आणूनच तुलना, त्यामुळे लवकर उतरतं, पण दिवस पालटले तर गुडविल सोडून बाकीचं परत चढवता येतं. म्हणून आयएफआरएसवाल्या मेटल किंवा मायनिंग कंपनीचा नफा एखाद्या वर्षी अचानक उसळला तर आधी 'रिव्हर्सल ऑफ इम्पेअरमेंट' शोधा.

तुलना करायची कृती सोपी आहे. आयएफआरएसवाल्या कंपनीच्या नोट्समध्ये एकूण आर अँड डी, त्यातलं किती चढवलं आणि किती उतरवलं हे दिलेलं असतं. चढवलेलं नफ्यातून वजा करा, उतरवलेलं परत मिळवा, आणि मग फोर्डशेजारी ठेवा. टॅक्सचा परिणाम ढोबळपणे धरा, इथे दशांश स्थळं शोधण्यात अर्थ नाही.

भाडं, दुकानं आणि विमानं

1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 लागू झालं आणि पी अँड एलमधून भाड्याची ओळ जवळजवळ गायब झाली. त्याच्या जागी डेप्रिसिएशन आणि व्याज आलं. समजा रिटेल चेन वर्षाला 100 कोटी भाडं भरते, करार 5 वर्षांचा आणि व्याजदर 9 टक्के. बॅलन्सशीटवर साधारण 389 कोटींचं कर्ज आणि तेवढीच मालमत्ता उभी राहते. पहिल्या वर्षी डेप्रिसिएशन 78 आणि व्याज 35, म्हणजे 113 कोटी खर्च. पाचव्या वर्षी 86 कोटी. पाच वर्षांची बेरीज 500 च, म्हणजे वेळेचा फरक, आणि तोही किरकोळ.

पण एबिटडा, म्हणजे व्याज, टॅक्स आणि डेप्रिसिएशनच्या आधीचा नफा, बघा. पूर्वी भाडं एबिटडाच्या वर वजा व्हायचं, आता सगळं खाली गेलं, त्यामुळे एबिटडा एका रात्रीत 100 कोटींनी वाढला. अमेरिकेत कर्ज बॅलन्सशीटवर येतं पण ऑपरेटिंग लीजचा खर्च पूर्वीसारखाच सरळ भाडं म्हणून वर दिसतो. म्हणजे आपली एअरलाइन आणि अमेरिकन एअरलाइन, किंवा आपली कपड्यांची चेन आणि तिकडची, यांचा ईव्ही (कर्जासकट कंपनीची किंमत) भागिले एबिटडा शेजारी ठेवला की आपली उगाच स्वस्त वाटते. स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान चालवणाऱ्यांवर याचा फारसा परिणाम नाही. बाकीच्यांच्या एबिटडातून लीजचे भरलेले पैसे वजा करून घ्या, आकडा कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये खाली फायनान्सिंगच्या भागात मिळतो.

माल आधी घेतलेला विकला की नंतरचा

हे थोडक्यात. अमेरिकेत लिफो चालतं, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरतात. आयएफआरएस आणि इंड एएसमध्ये त्याला बंदी. 50 रुपयांनी 100 नग घेतले, मग 70 रुपयांनी 100 घेतले, त्यातले 100 नग 90 ला विकले. आधी आलेला माल आधी विकला असं धरलं तर नफा 4,000, लिफोनं 2,000. कमी नफा कुणाला का हवा असेल, तर टॅक्ससाठी. अमेरिकेत अट अशी आहे की टॅक्सला लिफो वापरायचं तर शेअरहोल्डरांनाही लिफोच दाखवायचं. एक्सॉनमोबिल वापरते, आणि नोटमध्ये सांगते की आजच्या भावानं साठा कितीनं जास्त भरला असता. त्या आकड्यात वर्षभरात जेवढी वाढ झाली तेवढा नफा कमी दिसलाय, तो मिळवायचा आणि मग रिलायन्स किंवा शेलशी तुलना करायची.

गुडविल

इथे वेळ आणि वाट दोन्ही येतात. कंपनीनं दुसरी कंपनी विकत घेताना जास्तीचे पैसे दिले, ते गुडविल. अमेरिकेतल्या लिस्टेड कंपन्या, आयएफआरएस आणि इंड एएस तिघंही ते दरवर्षी उतरवत नाहीत, फक्त तपासतात. जपानी गॅपमध्ये मात्र जास्तीत जास्त 20 वर्षांत उतरवायलाच लागतं, म्हणजे 20,000 कोटींचं गुडविल असलं तर वर्षाला निदान 1,000 कोटी नफ्यातून कमी. सॉफ्टबँक, ताकेदासारख्या परदेशात मोठमोठ्या कंपन्या घेणाऱ्या जपानी कंपन्या आयएफआरएसवर गेल्या त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. 2020 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरनं हॉर्लिक्सवाली ग्लॅक्सो कन्झ्युमर स्वतःत विलीन करून घेतली आणि बॅलन्सशीटवर 17 हजार कोटींच्या वर गुडविल आलं, हॉर्लिक्स-बूस्टसारखे ब्रँड त्याहून वेगळे. जुन्या इंडियन गॅपमध्ये असं विलीनीकरणाचं गुडविल साधारण 5 वर्षांत उतरवायची पद्धत होती, म्हणजे वर्षाला 3,400 कोटींच्या आसपास, आणि 2020-21 चा कंपनीचा नफा होता 8 हजार कोटींच्या जवळ. म्हणजे चहा-साबण तेवढाच विकून नफा निम्म्याच्या थोडा वर दिसला असता. अर्थात जुन्या नियमांत अटी पुऱ्या झाल्या तर पूलिंग नावाचा दुसरा रस्ताही होता, त्यात गुडविल तयारच होत नसे, फरकाची रक्कम थेट रिझर्व्हमधून जायची. तेच डील, एका रस्त्यानं नफा निम्मा आणि दुसऱ्यानं नफ्याला धक्काही नाही.

उलटं गुडविल तर अजून मजेदार. यूबीएसनं 2023 मध्ये क्रेडिट सुईस मातीमोल भावात घेतली, आणि त्या दुसऱ्या तिमाहीत यूबीएसचा नफा लागला जवळजवळ 29 अब्ज डॉलर. तो जवळपास सगळाच स्वस्तात घेतल्याचा फायदा होता, धंद्याचा नव्हे. आयएफआरएस म्हणतं हा फायदा पी अँड एलमध्ये दाखवा. इंड एएस बनवताना आपण इथे कात्री लावली, आपल्याकडे असा फायदा पी अँड एलला न शिवता कॅपिटल रिझर्व्हमध्ये जातो. हा शंभर टक्के वाटेचा फरक, आणि खरं सांगायचं तर या बाबतीत आपला नियम मला जास्त शहाणा वाटतो.

पी अँड एल चुकवून जाणाऱ्या गोष्टी

आता महत्त्वाचा भाग, जरा सावकाश वाचा.

2008 च्या सुरुवातीला डॉलरचा भाव 40 रुपयांच्या आसपास होता, मार्च 2009 ला 50 च्या आसपास गेला. डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या कंपन्यांचे धाबे दणाणले, कारण अकाउंटिंग स्टँडर्ड 11 प्रमाणे तो सगळा तोटा त्याच वर्षीच्या नफ्यातून जाणार होता. मग 31 मार्च 2009 ला, म्हणजे आर्थिक वर्ष संपायच्या दिवशी, सरकारनं नियम बदलला, की लांब मुदतीच्या परकीय कर्जावरचा फरक मशिनरीच्या किमतीत मिळवता येईल किंवा काही वर्षं पुढे ढकलता येईल, आणि हे 7 डिसेंबर 2006 नंतर सुरू झालेल्या वर्षांपासून लागू. ही सवलत नंतर वाढवली गेली, आणि इंड एएस आल्यावरही जुन्या कर्जांपुरती चालू ठेवायची मुभा मिळाली. आयएफआरएसमध्ये अशी सवलत नाही. हा तसा वेळेचा फरक, डेप्रिसिएशनमधून हळूहळू येतोच. पण त्या वर्षांतल्या वीज, स्टील, टेलिकॉम कंपन्यांचे जुने नफे बघताना ही नोट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाटेचं अस्सल उदाहरण म्हणजे एफसीसीबी, परकीय चलनातले आणि पुढे शेअरमध्ये बदलता येणारे बाँड. 2005 ते 2008 च्या तेजीत अनेक कंपन्यांनी परदेशात कन्व्हर्टिबल बाँड काढले, व्याज शून्य किंवा अगदी थोडं, आणि शेवटी परत करताना मोठा प्रीमियम. तो प्रीमियम म्हणजे व्याजच की, नाव वेगळं. पण कंपनी कायदा तो सिक्युरिटीज प्रीमियमच्या रिझर्व्हमधून वजा करायला परवानगी द्यायचा, त्यामुळे पाच वर्षं कर्ज वापरूनसुद्धा पी अँड एलमध्ये व्याज जवळजवळ शून्य. आयएफआरएस किंवा यूएस गॅपमध्ये ते दरवर्षी व्याज म्हणून नफ्यातून गेलं असतं. इंड एएसवाल्या कंपन्यांना आता ही वाट बंद आहे.

एसॉपचंही, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर ऑप्शनचंही, तसंच होतं. जुन्या गाइडन्स नोटमध्ये इंट्रिन्सिक व्हॅल्यू चालायची, म्हणजे बाजारभावानं ऑप्शन दिला तर खर्च शून्य. इंड एएस 102 मध्ये फेअर व्हॅल्यू काढून खर्च दाखवायलाच लागतो. आता उलटा ताप असा की कंपन्याच प्रेझेंटेशनमध्ये 'एसॉप सोडून ॲडजस्टेड एबिटडा' दाखवतात, अमेरिकेत तर ती रीतच आहे. नियमानं आत आणलेला खर्च कंपनी स्लाइडवर परत बाहेर काढते.

आणि शेअर गुंतवणूक. अमेरिकेत 2018 पासून कंपनीकडे असलेल्या लिस्टेड शेअरचा भाव वर-खाली झाला की तो फरक थेट नफ्यात. म्हणून बर्कशायर हॅथवेचा 2018 चा नेट प्रॉफिट 4 अब्ज डॉलर आणि धंद्याचा ऑपरेटिंग नफा मात्र 24.8 अब्ज डॉलर. बफे स्वतःच म्हणतात तो खालचा आकडा बघू नका. इंड एएस 109 मध्ये कंपनी सुरुवातीलाच ठरवू शकते की या शेअरमधली चढउतार ओसीआयमध्ये (अदर कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्कम, नफ्यात न धरलेले फायदे-तोटे) टाकू, आणि मग तो शेअर विकून खरोखर पैसे आले तरी तो नफा पी अँड एलमध्ये कधीच येत नाही, थेट इक्विटीत फिरतो. त्यामुळे आपल्याकडच्या होल्डिंग कंपनीचा पीई काढणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. ओसीआयची ओळ नेट प्रॉफिटच्या लगेच खाली असते, नजर तिथेच थांबवायची सवय मोडा.

बँका: इथे पीईची तुलना करूच नका

एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक दोघीही न्यूयॉर्कला लिस्टेड आहेत. एचडीएफसी बँक तिथे यूएस गॅपनं केलेले वेगळे हिशेब देते. आयसीआयसीआय इंडियन गॅपचे हिशेब देते आणि सोबत नफा यूएस गॅपला कसा बदलतो त्याचा तक्ता. म्हणजे दोन्ही बँकांचे दरवर्षी दोन अधिकृत नफे असतात, फक्त दुसरा कुणी उघडून बघत नाही.

मुख्य फरक प्रोव्हिजनचा. रिझर्व्ह बँकेच्या सध्याच्या पद्धतीत हप्ता 90 दिवस थकला की एनपीए (थकीत कर्ज), आणि मग ठरलेले टक्के, सुरुवातीला सब-स्टँडर्ड तारण कर्जाला 15 टक्के. चांगल्या कर्जाला सर्वसाधारणपणे 0.40 टक्के. एनबीएफसी, समजा आपली पुण्याची बजाज फायनान्स, इंड एएसवर आहे, तिथे एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस, म्हणजे चांगल्या कर्जावरही पुढच्या 12 महिन्यांत किती बुडेल याचा अंदाज, आणि धोका वाढल्याची लक्षणं दिसली की पूर्ण मुदतीचा अंदाज. अमेरिकेत पहिल्या दिवसापासूनच पूर्ण मुदतीचा.

समजा 10,000 कोटींची नवी कोरी कर्जं दिली, वर्षभरात 1 टक्का आणि पूर्ण मुदतीत 3 टक्के बुडतील असा अंदाज. बँकेची प्रोव्हिजन 40 कोटी, एनबीएफसीची 100, अमेरिकन बँकेची 300. कर्जं तीच. जो जेवढ्या वेगानं वाढतोय त्याचा नफा अमेरिकन पद्धतीत तेवढा जास्त दबतो. 1 जुलै 2023 ला एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली तेव्हा एक इंड एएसवरची कंपनी इंडियन गॅपवरच्या बँकेत शिरली, त्यामुळे आधीच्या दोघांच्या नफ्याची साधी बेरीज करून 'विलीनीकरणानंतर नफा इतका वाढला' म्हणणारे तक्ते सोडून द्या.

बँकांसाठी मी प्रोव्हिजनच्या आधीचा ऑपरेटिंग प्रॉफिट आणि प्रत्यक्ष राइट-ऑफ वेगळे वेगळे बघतो. तिथेही फरक आहेतच, पण कमी.

कागद कुठे मिळतात

अमेरिकेत लिस्टेड परदेशी कंपनी दरवर्षी फॉर्म 20-एफ भरते, तो एसईसीच्या (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या) एडगर साइटवर फुकट मिळतो. पूर्वी सगळ्यांनाच यूएस गॅपपर्यंतचा तक्ता द्यायला लागायचा. 2007 च्या शेवटी एसईसीनं ठरवलं की शुद्ध आयएफआरएस वापरत असाल तर तक्ता नको, त्यामुळे आता तो तक्ता मोजक्याच कंपन्या देतात. इन्फोसिस 1999 ला नॅसडॅकला गेली तेव्हा यूएस गॅपचे हिशेब द्यायची, 2008-09 पासून आयएफआरएस, आणि इथे इंड एएस. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे आयटी कंपन्यांत नियमांची फार चिंता नको. ॲक्सेंचरशी तुलना करताना त्यांचं वर्ष ऑगस्टला संपतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मुंबई-पुण्याच्या बिल्डर कंपन्यांचं मात्र उलट. 1 एप्रिल 2018 ला इंड एएस 115 आल्यावर कुणी काम जसजसं पुढे जाईल तसतसा नफा धरतं, कुणी ताबा द्यायच्या वेळी, करार कसा आहे त्यावर. एकाच देशात, एकाच नियमात, दोन रीती. तिथे पी अँड एल बाजूला ठेवून वर्षभरात बुकिंग किती आणि गिऱ्हाइकांकडून जमा किती ते बघायचं.

आणि कॅश फ्लो बघतो म्हणणाऱ्यांसाठी

बरेच जण म्हणतात नफ्याचं हे सगळं झंझट नकोच, ऑपरेटिंग कॅश फ्लो बघू, पैसा खोटं बोलत नाही. पैसा नाही बोलत, पण तो कुठल्या मथळ्याखाली लिहायचा तो नियम बोलतो. भरलेलं व्याज यूएस गॅपमध्ये ऑपरेटिंगमध्येच, आपल्याकडे इंड एएस 7 मध्ये फायनान्शियल कंपन्या सोडून बाकीच्यांचं फायनान्सिंगमध्ये, आयएफआरएसमध्ये आजवर कंपनीच्या निवडीवर. लीजचे मुद्दलाचे पैसे आपल्याकडे फायनान्सिंगमध्ये, अमेरिकेत ऑपरेटिंग लीजचे ऑपरेटिंगमध्ये. चढवलेला डेव्हलपमेंट खर्च आपल्याकडे इन्व्हेस्टिंगमध्ये, अमेरिकेत ऑपरेटिंगमध्ये. तिन्हीकडे आपल्या कंपनीचा ऑपरेटिंग कॅश फ्लो जास्तच दिसतो. म्हणून ऑपरेटिंग कॅश फ्लो घ्या, त्यातून कॅपेक्स (मशिनरी, इमारतींवरचा भांडवली खर्च) वजा करा, चढवलेला डेव्हलपमेंट खर्च त्यात धरलेला नसेल तर तोही, मग लीजचे मुद्दल, मग भरलेलं व्याज. अमेरिकन कंपनीच्या बाबतीत शेवटचं व्याज आणि ऑपरेटिंग लीज परत वजा करायचं नाही, ते आधीच गेलेलं असतं. जो आकडा उरेल तो पाच-सात वर्षांचा एकत्र बेरीज करून ठेवा, आणि तेवढ्याच वर्षांच्या नफ्याच्या बेरजेशेजारी लिहा. दोन्हींत मोठी दरी असेल तर वर सांगितलेल्या नोट्सपैकी कुठली उघडायची ते आपोआप कळतं.